नववीच्या वर्गाला ‘किल्ला’ दाखवावा का?

खडूफळा

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की नववीची मुले सभागृहात थांबतात, आम्ही प्रोजेक्टरवर एक चित्रपट पाहतो आणि नंतर अर्धा-पाऊण तास त्यावर बोलतो. या महिन्यासाठी मी अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ निवडला होता. २०१५ साली तो चित्रपटगृहांत आला तेव्हा मी दोनदा पाहिला होता, आणि कधीतरी मुलांना दाखवायचाच असे तेव्हापासून मनात होते. वडील गेल्यानंतर अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या लहानशा गावी येतो, नवी शाळा, नवे सोबती, समुद्र आणि पाऊस यांच्यात हळूहळू रुळतो, आणि रुळतो न रुळतो तोच आईची पुन्हा बदली होते, एवढीच त्याची गोष्ट आहे.

अडचण अशी, की यंदा माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील गणपतीनंतर अचानक गेले. तेरावे झाल्यावर ती शाळेत आली ती अगदी पूर्वीसारखी. मधल्या सुट्टीत खो-खो खेळते, सहामाहीत तिचे गुण उलट वाढले आहेत, आणि शिक्षकांच्या खोलीत ‘पोरगी सावरली हो’ असे सगळे म्हणतात. मलाही तसेच वाटत होते. गेल्या आठवड्यात ‘माझ्या घरातली सकाळ’ या विषयावरचे निबंध तपासताना तिची वही हाती आली. तिने लिहिले आहे, ‘बाबा मोटारसायकलला किक मारतात आणि मी मागे बसून दप्तर त्यांच्या पाठीला टेकवते.’ सबंध निबंध वर्तमानकाळात आहे. काळ चुकला की एरवी मी खाली लाल रेघ ओढते. त्या वाक्यापाशी पेन थांबले. मी तारीख घालून सही केली आणि वही मिटली.

तेव्हापासून माझे काही ठरत नाही. चाळीस मुलांच्या देखत चिन्मयची गोष्ट समोर आली तर तिला ती सोसवेल का? की आपल्यासारखा आणखी कोणी आहे हे पाहून तिला थोडे हलके वाटेल? चित्रपट बदलावा, पुढे ढकलावा की ठरल्याप्रमाणे दाखवावा? ज्यांनी हा चित्रपट बारकाईने पाहिला आहे, किंवा ज्यांच्यावर या वयात अशी वेळ आली होती, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

दर्याकाठ

ताई, चित्रपट बदलू नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण चित्रपटाच्या घडणीतच आहे. वडिलांचा मृत्यू चित्रपट सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेला आहे. रुग्णालय, अंत्ययात्रा, सांत्वनाला येणारी माणसे यांत तो कोठेही रमत नाही. आपल्याला दिसतो तो एक मुलगा, ज्याला नवे घर आवडलेले नाही, नवी शाळा आवडलेली नाही, आणि आपल्याला नेमके काय आवडलेले नाही हे ज्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

किल्ल्यावरचा प्रसंग आठवून पाहा. मुले सायकलींची शर्यत लावून किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळू लागतो, आणि चिन्मय त्या दगडी भिंतींमध्ये एकटाच मागे राहतो. सोबती निघून गेलेले असतात. त्यांच्या लेखी ही गोष्ट उद्या विसरून जाण्यासारखी आहे, परंतु चिन्मय ती मनाला इतकी लावून घेतो, की त्यांच्याशी बोलणेच टाकतो. पहिल्यांदा पाहताना मला तो हट्टी वाटला होता. दुसऱ्यांदा पाहताना उमगले, की न सांगता निघून जाण्याचा त्याचा राग मुळात या मुलांवरचा नाहीच. ज्यांच्यावर रागवायचे ते वडील आता नाहीत, म्हणून जे हाताशी आहेत त्यांच्यावर तो रागावतो. चित्रपटात हे कोणी बोलून दाखवत नाही. पुढे तो एका अनोळखी कोळ्याबरोबर होडीतून समुद्रात जातो, तिथेही त्याला कोणी उपदेश करत नाही.

अविनाश अरुण हे मुळात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले छायालेखक, आणि या पहिल्याच चित्रपटाचे छायालेखनही त्यांनी स्वतः केले आहे. मी गुहागरच्या बाजूचा. आमच्याकडे आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, वह्यांची पाने एकमेकांना चिकटतात, आणि शाळेचा गणवेश चुलीच्या वर बांधलेल्या दोरीवर वाळत घातला तरी सकाळी काखेत ओलाच लागतो. या चित्रपटातला पाऊस तसा आहे. शहरातून आलेल्या मुलाला तो पहिल्यांदा कसा कोंडून घालत असेल, हे मला माझ्याच गावाचा पाऊस पडद्यावर पाहून कळले.

आईकडेही मुलांचे लक्ष वेधावे असे सुचवतो. अमृता सुभाष यांनी जी आई उभी केली आहे, तिचा नवरा गेला आहे, सरकारी कचेरीतली नोकरी तिला एकटीने निभवायची आहे, आणि घरी आल्यावर मुलाचा फुरंगटलेला चेहरा आहे. एका घरात दोन माणसे एकाच माणसासाठी झुरत आहेत, आणि त्याबद्दल एकमेकांशी बोलायला दोघांनाही जमत नाही. तुमच्या विद्यार्थिनीच्या घरी आज कदाचित हेच चालले असेल.

आणखी एक सांगावेसे वाटते. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांसाठीच्या विभागात या चित्रपटाला क्रिस्टल बेअर मिळाले, ते मुलांच्याच परीक्षक मंडळाने दिलेले होते. मराठी न कळणाऱ्या मुलांना चिन्मय कळला, हे मला राष्ट्रीय पुरस्काराहूनही मोलाचे वाटते.

मधलेनाव

मी हा चित्रपट पाहिला तेव्हा तिशी ओलांडली होती, परंतु माझे वडील गेले तेव्हा मी नववीतच होतो, म्हणून लिहितो आहे.

मडके मी धरले होते. पहाटे चारला वडील गेले आणि दुपारी बारापर्यंत आम्ही स्मशानातून परतलोही होतो. पुढचे बारा दिवस घर माणसांनी इतके भरलेले होते, की मला एकटे बसायला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे जावे लागे. चौदाव्या दिवशी मी शाळेत गेलो. त्या वेळच्या आमच्या वर्गशिक्षकांनी चांगल्या भावनेनेच सगळ्या वर्गाला उभे केले आणि दोन मिनिटे स्तब्धता पाळायला सांगितली. ती दोन मिनिटे मला आजही विसरता आलेली नाहीत. साठ मुले माझ्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होती. त्या दिवसापासून मी वर्गात मोठमोठ्याने हसू लागलो, मस्ती करू लागलो, कारण पुन्हा कोणी माझ्यासाठी उभे राहू नये एवढीच माझी इच्छा होती. माझ्याबद्दलही सगळे ‘सावरला’ असेच म्हणत.

पुढे आईला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली आणि आम्ही दुसऱ्या गावी गेलो. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना नव्या शाळेच्या कार्यालयात एक गोष्ट घडली. आपल्याकडे मुलाचे नाव लिहायचे म्हणजे मध्ये वडिलांचे नाव आलेच. तिथल्या लिपिकाने ‘वडिलांचे पूर्ण नाव’ या रकान्यात मी लिहिलेल्या नावाआधी, माझ्यासमोर, निळ्या शाईने ‘कै.’ ही दोन चिन्हे घातली. त्यांचे काहीच चुकले नव्हते. परंतु हजेरीपटात, प्रगतिपुस्तकात, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर माझ्या नावाच्या मधोमध वडील तोवर जसेच्या तसे होते, आणि त्या एका अक्षराने व एका टिंबाने ते तिथूनही गेले. स्मशानात मी रडलो नव्हतो. त्या दिवशी सायकलस्टँडवर, कुलूप उघडत नाही असे दाखवत, पुष्कळ वेळ रडलो. म्हणून तुम्ही त्या निबंधाखाली रेघ ओढली नाही याबद्दल मी तुमचे आभार मानतो.

‘किल्ला’ मला नववीत दाखवला असता तर चालले असते का? चालले असते, पण एका अटीवर. मला आधी एकट्याला सांगायला हवे होते. ‘शनिवारी अमुक चित्रपट आहे, त्यातल्या मुलाचे वडील वारलेले आहेत, तुला थांबायचे असेल तर थांब, नको असेल तर ग्रंथालयाची किल्ली घे,’ एवढेच, आणि तेही चारचौघांत नव्हे. चित्रपट संपल्यावर ‘तुला काय वाटले?’ हा प्रश्न मात्र मला कोणी विचारलेला चालला नसता.

संथवाहते

वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून वेगळे मत मांडते. गणपतीनंतर म्हणजे जेमतेम दोन-तीन महिने झाले आहेत. जखम ताजी आहे. वर्षश्राद्ध होईपर्यंत असा विषय वर्गात काढू नये. पुढच्या वर्षी ही मुलगी दहावीत जाईल, तेव्हा किंवा त्याही नंतर हा चित्रपट तिचा तिला पाहता येईल. या महिन्यात एखादा हलकाफुलका चित्रपट दाखवला तर कोणाचेच काही बिघडणार नाही.

आधारवड

मी पुण्यात शालेय समुपदेशक म्हणून काम करते. संथवाहते यांची काळजी रास्त आहे, परंतु ‘वर्षभर थांबावे, मग हा विषय सोपा होईल’ हे गृहीत अनुभवाला उतरत नाही. अमेरिकेत बोस्टन परिसरात विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा केला होता. ही मुले ६ ते १७ या वयोगटातली होती. त्यांच्यातली पुष्कळ मुले कालांतराने नीट सावरली, ही त्यातली दिलासा देणारी बाजू. मात्र इतर मुलांच्या तुलनेत त्यांच्या अडचणी पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस अधिक ठळक दिसल्या. आपल्याकडे नेमक्या याच सुमाराला सगळ्यांचे विचारणे थांबलेले असते. वर्षश्राद्ध झाले, घरात एखादे शुभकार्यही उरकले, आता काय राहिले, अशी मोठ्यांची समजूत होते.

खो-खो आणि वर्तमानकाळातला निबंध यांत मला विसंगती दिसत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट यांनी १९९९ मध्ये दुःखाबद्दल जी मांडणी केली, तिचा गाभा असा, की शोकात असलेला माणूस एका जागी बसून राहत नाही. तो गेलेल्या माणसाकडे जातो, तिथून परत येऊन रोजच्या कामाला लागतो, आणि पुन्हा तिकडे जातो. हे झोके हेच सावरणे होय. मोठ्या माणसाचा झोका लांब असतो, मुलांचा फार आखूड. दहा मिनिटांपूर्वी आईच्या कुशीत रडणारे मूल अंगणात जाऊन ‘आता माझ्यावर राज्य’ म्हणून ओरडते, आणि जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहतात. तुमची विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत खेळते तेव्हा ती खोटे वागत नाही, आणि वडील दप्तराला पाठ देतात असे लिहिते तेव्हा तिचा गोंधळही झालेला नाही.

‘मधलेनाव’ यांनी सांगितलेली अट मी पूर्णपणे उचलून धरते. त्यात एवढीच भर घालते, की आईलाही आधी एक फोन करावा. आणि मुलगी झोपत नसेल, जेवत नसेल, ‘मलाही बाबांकडे जायचे आहे’ असे बोलत असेल, तर चित्रपटाचा विचार बाजूला ठेवून तिला त्याच दिवशी जाणत्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्यावे. तुमच्या लिहिण्यावरून तसे दिसत नाही, तरी विचारून घ्यावे.

गोठलेलीमाती

मी गेली काही वर्षे मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. ‘मधलेनाव’ यांनी पहाटे चार आणि दुपारी बारा असे लिहिले आहे, ते वाचल्यावर मला इथेच घडणारा एक चित्रपट आठवला आणि राहवले नाही. २०१६ मधला ‘मँचेस्टर बाय द सी’, केनेथ लोनर्गन यांचा. ताईंनी तो वर्गात दाखवावा असे मी मुळीच सुचवत नाही, त्याची भाषा आणि त्यातले काही प्रसंग प्रौढांसाठीचे आहेत. परंतु या वयाच्या मुलाचे दुःख समजून घेण्यासाठी शिक्षकांनी तो अवश्य पाहावा.

त्यातल्या सोळा वर्षांच्या पॅट्रिकचे वडील हृदयविकाराने जातात. रुग्णालयात तो वडिलांना दारातून क्षणभर पाहतो आणि मागे फिरतो. त्याच रात्री घरी मित्रांना बोलावतो, पिझ्झा मागवतो, आणि ती मुले एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेवरून वाद घालत बसतात. पाहणाऱ्याला वाटते, काय निगरगट्ट पोरगा आहे. परंतु तिथल्या हिवाळ्यात जमीन इतकी गोठलेली असते, की खड्डा खणता येत नाही आणि दफन वसंतापर्यंत थांबते. तोवर वडिलांचा देह शीतगृहात राहणार असतो. एका रात्री पॅट्रिक काहीतरी खायला म्हणून घरातला फ्रीझर उघडतो आणि गोठवलेल्या कोंबडीची पाकिटे खाली पडतात. तो ती उचलून परत कोंबू पाहतो, ती पुन्हा पडतात, आणि त्याला श्वास घेता येईनासा होतो. इतके दिवस न आलेले रडू तिथे येते. ‘मधलेनाव’ यांची सायकलस्टँडवरची दुपार वाचताना मला तो फ्रीझर दिसला.

आपल्याकडे सगळे काही तासांत उरकते, आणि मूल हबकलेले असतानाच विधी संपतात. पॅट्रिकच्या वाट्याला उलट संकट आले, कारण त्याचे वडील गेले तरी महिनोन्‌महिने पुरते जाईनात. परंतु ‘किल्ला’ आणि हा चित्रपट दोघांनाही एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, की या वयात रडू येते ते ठरलेल्या ठिकाणी येत नाही. वडिलांच्या देहापाशी येत नाही, ते फ्रीझरपाशी येते, ओल्या दगडी भिंतीपाशी येते.

दर्याकाठ

नंतरच्या चर्चेविषयी एक विनंती. ‘चिन्मयला दुःख का झाले?’ असे प्रश्न फळ्यावर लिहू नयेत. मुले उत्तरपत्रिकेतल्यासारखी उत्तरे देतील आणि चित्रपट तिथेच संपेल. किल्ल्यात तो एकटा पडतो तेव्हा आपल्याला काय ऐकू येते, होडीत तो कुठे पाहत असतो, आईचा चेहरा कधी दिसतो आणि कधी नुसती पाठ दिसते, असे विचारावे. ज्याला बोलायचे आहे तो पावसाबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलेल, आणि ज्याला बोलायचे नाही त्याला पावसाबद्दलच बोलता येईल.

खडूफळा

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, मी ऋणी आहे. ‘मधलेनाव’, आपला प्रतिसाद मी तीनदा वाचला. आमच्या शाळेच्या कार्यालयातही त्या रकान्यात तेच घातले जाते आणि आजवर मला त्यात काही खटकले नव्हते. येत्या वर्षी नववीचे अर्ज भरताना तो रकाना मुलांच्या माघारी भरावा, एवढे तरी मी लिपिकांना सांगणार आहे.

संथवाहते, आपले म्हणणे मी डावलत नाही. चित्रपट या शनिवारी न दाखवता पुढच्या महिन्यात दाखवायचे ठरवले आहे, म्हणजे घाई होणार नाही.

काल तिच्या आईंशी फोनवर बोलले. मुलगी जेवते, झोपते, धाकट्या भावाचा अभ्यास घेते. मोटारसायकल अंगणातच उभी आहे, काकांनी विकायचा विषय काढला तेव्हा ती जेवणावरून उठून गेली, एवढे त्यांनी सांगितले आणि मग आम्ही दोघीही थोडा वेळ काही बोललो नाही. चित्रपटाला त्यांनी हरकत घेतली नाही. ‘तिलाच विचारा बाई,’ म्हणाल्या.

आज मधल्या सुट्टीत नकाशे ठेवायच्या निमित्ताने तिला ग्रंथालयात नेले आणि ‘मधलेनाव’ यांनी लिहिले होते जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले. तिने नकाशाची गुंडाळी पूर्ण केली, दोरी बांधली, आणि विचारले, ‘बाई, त्याचे बाबा कसे गेले ते दाखवतात का?’ मी नाही म्हणाले. ‘मग त्यात काय दाखवतात?’ मी म्हणाले, तो सायकल चालवतो, मित्रांशी भांडतो, समुद्रात जातो, आणि खूप पाऊस पडतो. ती थोडा वेळ दोरीच्या गाठीशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, ‘थांबेन मी. पण मला खिडकीकडचा बाक द्या, आणि खिडकी लावू नका.’

सभागृहाच्या त्या बाजूला पडदा नाही, आणि खिडकी उघडी ठेवली तर दुपारच्या उजेडात चित्र फिके दिसते. शिपाईदादांशी बोलून प्रोजेक्टर उलट्या भिंतीकडे वळवता येतो का, ते उद्या पाहणार आहे.